अब्बांची 1210 : जुने इंजिन की नवे?

अब्बांच्या इंतकालला दोन महिनेही झाले नव्हते आणि त्यांच्या ट्रकचा दम सुटला. दिवस धानाच्या हंगामाचे. आमगावकडून पोती भरून गोंदियाच्या राईस मिलकडे येताना गाडी चढावर धापा टाकू लागली. ब्रीदरमधून धूर, तेलाच्या दाबाचा काटा तळाला. धाकट्या भावाने ती कशीबशी अब्बांच्या जुन्या मिस्त्रींकडे नेऊन लावली, आणि त्या रात्री आमच्या घरात वाद सुरू झाला.

अम्मी इद्दतीत होती, म्हणून बैठक तिच्याच खोलीत बसली. धाकट्याचे म्हणणे असे की हे इंजिन काढून टर्बोचे बसवू. मग राष्ट्रीय महामार्ग 53 वर मासुलकसा घाटातूनही भरलेली गाडी न दमता जाईल, नागपूर-रायपूरच्या फेऱ्या मिळतील. भाईजान म्हणाले, "ज्या इंजिनाने आपल्या चौघांची शिक्षणे आणि लग्ने केली, ते मी भंगारात घालणार नाही." माहेरचा हिशेब मी ठेवत आले आहे, म्हणून वही माझ्या मांडीवर होती. खरे सांगायचे तर दोघांपैकी कोणाचेच मला पटत नव्हते. एक घाईने बोलत होता, दुसरा आठवणीने.

गाडी 1984 चे मॉडेल, टाटा 1210. ज्यांच्या घरी ट्रक नाही त्यांच्यासाठी सांगते, टाटाच्या गाडीचे नाव हीच तिची ओळख असते. 12 म्हणजे मालासकट साधारण 12 टन वजन आणि 10 म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. तसेच 1612 म्हणजे 16 टन आणि 120 च्या आसपास. इंजिनाच्या नावाचाही असाच अर्थ. आमच्या गाडीचे इंजिन 692, म्हणजे 6 सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर. पुढे आले 697, त्याचा बोअर 97 मिलिमीटर. 692 पावणेपाच लिटरच्या जवळपास, 697 साडेपाच लिटरच्या वर.

टाटांनी 1954 मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझशी 15 वर्षांचा करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. 1969 मध्ये करार संपला आणि गाडीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टी आला. अब्बा तरी शेवटपर्यंत हिला "मर्सिडीज"च म्हणत. शेजारची मुले त्यावर हसायची.

अब्बांचा त्या इंजिनावर जीव होता त्याला कारण होते. डिझेल पंप पूर्ण यांत्रिक, त्याला ना सेन्सर ना कॉम्प्युटर. सालेकसाच्या जंगलात गाडी थांबली तरी पाना आणि थोडे डोके असले की ती पुन्हा चालू होई. लायनर, पिस्टन, रिंग, गॅस्केट गोंदियात मिळते, नाही तर नागपूरहून बसने येते. उलट बाजूही आहे. टर्बो नसलेले इंजिन ओढायला कमी, भार वाढला की डिझेल जास्त पिते आणि काळा धूर टाकते. तो धूर आपल्याच मोहल्ल्यातली मुले हुंगतात, हेही विसरू नये.

दुसऱ्या दिवशी भावांबरोबर मीही गॅरेजवर गेले. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. धाकट्याने आधी आजच्या बीएस-6 इंजिनाचा विषय काढला, तर ते हसलेच. एप्रिल 2020 पासूनच्या त्या इंजिनांना कॉमन रेल, कॉम्प्युटर, धूर शुद्ध करणारी मोठी यंत्रणा आणि तिच्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी लागते. हे सगळे जुन्या चेसिसवर चढवायचे म्हणजे नवी गाडीच बांधायची. राहिले दोन पर्याय. एक टाटा-कमिन्सचे 5.9 लिटरचे इंजिन. ही भागीदारी 1993 मध्ये जमशेदपूरला सुरू झाली. दुसरे टाटाचेच 697 टर्बो.

टर्बोचे काम सोपे आहे. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त म्हणजे डिझेल नीट जळते आणि तेवढ्याच सिलिंडरातून ताकद जास्त मिळते. पण त्या पंख्याचे बेअरिंग इंजिनाच्या तेलावर जगते. घाट चढून आल्याबरोबर चावी बंद केली तर तेल थांबते, पंखा मात्र फिरतच राहतो. मिनिट-दोन मिनिटे इंजिन शांत चालू ठेवण्याची सवय ड्रायव्हरला हवी. आमच्या धाकट्याला चहाच्या टपरीवर उतरायची किती घाई असते ते मला ठाऊक आहे.

मग मिस्त्री म्हणाले, "बेटा, नया इंजिन अकेला नहीं आता, बारात लेके आता." त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. इंजिनाचे फाउंडेशन बदलावे लागेल. क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सला जास्तीचा जोर सोसला पाहिजे. रेडिएटर मोठा लागेल. दोन्ही इंजिनांचा फिरण्याचा वेग वेगळा असेल तर मागचा क्राउन-पिनियनही बदलावा लागतो, नाही तर ताकद असून गाडी धावत नाही. आणि सर्वांत आधी ब्रेक. 12 टनांसाठी बनलेल्या गाडीला घाई शिकवायची, तर तिला थांबायलाही शिकवले पाहिजे. खर्च त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला. जुन्या इंजिनाचे पूर्ण काम 1 लाख 10 हजार, वापरलेले टर्बो इंजिन आणि त्याची सगळी वरात पावणेतीन लाख.

कागदांचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला मनमानीने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावले. इंजिन क्रमांक आरसीवर असतो, म्हणून इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी आणि नंतर आरसीवर नोंद हवी. नोंद नसली तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते. वापरलेले इंजिन बिलाशिवाय घेऊच नये. ते चोरीच्या गाडीतून निघालेले नाही, याची खात्री पैसे देणाऱ्यानेच करायची असते. पेट्रोल पंपावर भेटलेल्या एका दलालाने भाईजानांना "नंबर की फिकर मत करो" सांगितले होते. भाईजान तिथूनच परत फिरले.

आणि आरसी होती अब्बांच्या नावावर. मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचे आणि 3 महिन्यांच्या आत नमुना 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. आम्ही कळवले होते, पुढचे राहिले होते. तेव्हा मी वही उघडली. या गाडीचे 48 भाग मानले तर शरीयतप्रमाणे अम्मीचे 6, दोन्ही भावांचे 14-14 आणि आम्हा दोघी बहिणींचे 7-7. भाऊ दोघेच इंजिनावर भांडत होते, जणू गाडी त्यांचीच. मी एवढेच विचारले, "पावणेतीन लाख कोणाच्या हिश्श्यातून?" धाकटा म्हणाला, फायनान्स कंपनी देते. अम्मी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "तुमच्या अब्बांनी व्याजाचे हप्ते या घरात येऊ दिले नाहीत."

निर्णय झाला तो मोजमापावर. मिस्त्रींनी इंजिन खोलून ब्लॉक तपासला, कुठे तडा नव्हता. लायनर झिजलेले, रिंगा गेलेल्या, पण ते बदलता येतात. क्रँक आधी दोनदा ग्राइंड झालेला, तरी अजून घासायला जागा होती. ब्लॉक फुटला असता किंवा क्रँक संपला असता, तर मीही धाकट्याच्या बाजूने बोलले असते. गाडीला काम काय, हेही पाहिले. धान केंद्रापासून मिलपर्यंत आणि मिलपासून मालधक्क्यापर्यंत. एवढ्यासाठी टर्बोची गरज नाही. शिवाय 15 वर्षांवरच्या जड गाडीची फिटनेस फी 1 एप्रिल 2022 पासून 12,500 वर गेली आणि पुढे तिच्यातही बदल झाले. लांबच्या फेऱ्यांचे गणित धाकट्याने मांडले त्यात ही फी धरलीच नव्हती.

गाडी अम्मीच्या आणि आम्हा बहिणींच्या संमतीने भाईजानांच्या नावावर झाली. त्याआधी मिस्त्रींकडून बिघडलेल्या अवस्थेतली तिची किंमत ठरवून घेतली आणि आमचे हिस्से वहीत रकमेने लिहिले. इंजिनाचा खर्च दोन्ही भावांनी केला, तो वेगळ्या पानावर. काम अठरा दिवस चालले. नोझल नवे बसले, पंप कॅलिब्रेट झाला आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी पहिल्याच वेळी पास झाली.

आता क्रँकला आणखी एकदाच ग्राइंड होण्याइतकी जागा उरली आहे. ती संपेल तेव्हा धाकटा पुन्हा टर्बोचा विषय काढील, आणि तेव्हा त्याचे म्हणणे बरोबर असेल.