बसची माहिती खुली, माणसांची जपून

बसचं वेळापत्रक कचेरीतल्या कपाटात पडून राहिलं, तर त्याचा उपयोग फार थोड्यांना होतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ‘ट्रायमेट’ या वाहतूक संस्थेने २००५ साली आपली माहिती गूगलला दिली आणि त्यातून साध्या मजकूर-फायलींचा एक सामाईक साचा घडला. थांब्याचे अक्षांश-रेखांश एका फाइलीत, तिथे कोणती फेरी किती वाजता येते हे दुसरीत. आज जगभरातली शहरं हाच साचा वापरतात. त्यामुळे प्रवाशाला कुठे गाडी बदलायची ते कळतं आणि कोणत्या वस्तीपर्यंत बस पोहोचतच नाही, हे नियोजनकारांना नकाशावर दिसतं.

पण प्रवाशांच्या ये-जा करण्याच्या नोंदीही अशाच खुल्या केल्या, तर आपला खासगीपणा जाईल, हा आक्षेप रास्त आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्थळ-काळाचे अवघे चार बिंदू ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला पुरेसे ठरले. म्हणजे नुसती नावं पुसून भागत नाही. पण म्हणून सगळीच माहिती कुलपात ठेवणं हा उपाय नव्हे. वाहनांची माहिती पूर्ण खुली करावी. माणसांची मात्र विभागवार, तासवार बेरजेतच द्यावी आणि अगदी लहान आकडे वगळावेत. फेऱ्या वाढवायला किती जण जातात एवढं कळलं तरी पुरतं. कोण जातं, हे कळायची गरजच नसते.