द्वादशीच्या पानातलं वाघाटं

आषाढी एकादशी तोंडावर आली की बाजारात चार दिवसांपुरती एक पाहुणी भाजी येते. हिरवीगार, गोलसर, देठासकट तोडलेली वाघाटी. कुणी त्यांना गोविंदफळ म्हणतं. द्वादशीला पारणं फेडताना या भाजीचा घास हवाच, असं मानणारी घरं अनेक आहेत. हिंगोली जिल्ह्यातली नर्सी हे तर संत नामदेवांचं गाव. पंढरीहून परतलेले वारकरी परतवारीला तिथे येतात. वाघाटीचा हंगामही नेमका याच दिवसांतला.

एक वाघाटं हातात घेऊन त्याचा देठ निरखा. मध्येच सांधा दिसेल. सांध्याच्या वेलीकडचा भाग फुलाचा देठ, फळाकडचा मात्र मूळचा फुलाच्या आतला. या फुलात बीजकोश तळाशी बसलेला नसतो, लांब दांडीवर उचललेला असतो. फळ धरलं की तीच दांडी जाड होते आणि त्याचं ओझं पेलते.

फुलं उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतात. पानाच्या बगलेत एकावर एक, रांगेनं. ताज्या फुलाचे लांब पुंकेसर पांढरेशुभ्र असतात आणि शिळे होता होता गुलाबी, लालसर होतात. त्यामुळे एकाच फांदीवर दोन-तीन रंग दिसतात. बागेत मुद्दाम लावावी इतकी ही वेल देखणी आहे. काटे मात्र सांभाळावेत. ते वाघनखांसारखे वाकडे असतात आणि नावही त्यावरूनच पडलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७६२ साली तिला ‘कॅपॅरिस झेलॅनिका’ म्हटलं.

राजस्थानातला केर आणि भूमध्य सागराकाठी खारवून खातात ती केपरची कळी, या तिच्या सख्ख्या बहिणी. मोहरी लांबची नातलग. या गोतावळ्यात गंधकयुक्त द्रव्यं असतात. पान चावलं गेलं की त्यांतून झणझणीत तेल सुटतं आणि बहुतेक किडे लांब राहतात. वाघाटंही कडूच. म्हणून घरोघरी ते चिरून बिया काढतात, उकडून पाणी टाकून देतात आणि मग फोडणीला घालतात. चातुर्मास लागलेला, त्यामुळे कांदा-लसूण नाही. तिखट, मीठ, दाण्याचं कूट पुरे. पानांचा लेप गळवावर लावायचीही जुनी रीत आहे.

पण किड्यांना दूर ठेवणारं हेच पान काही फुलपाखरांच्या अळ्यांचं हक्काचं अन्न आहे. पायोनियर आणि ग्रेट ऑरेंज टिप ही फुलपाखरं वाघाटीवर अंडी घालतात. ऑरेंज टिपची हिरवी अळी डिवचली की पुढचा भाग उचलून हुबेहूब सापासारखी दिसते.

बांधावरची काटेरी कुंपणं तोडून तारा ओढल्या जातात, तेव्हा ही वेल आधी जाते. मला त्याचं फार वाईट वाटतं. शेताच्या एका कोपऱ्यात तरी तिला राहू द्यावं, आणि तोडताना चार फळं वेलीवरच ठेवावीत. ती पिकून लाल होतात, आणि पुढच्या वेलींचं बी त्यांच्यातच असतं.