संक्रांतीच्या वाणासाठी पाकातले शेंगदाणे: चिकट का होतात आणि पाकीट कितीला द्यायचं?

व्हिडिओत आपण कढई, पाक आणि दाणे बघितले. पण व्हिडिओत हिशोब नीट दाखवता येत नाही. तो इथे लिहून देते. वही-पेन घेऊनच बसा.

हा विषय का घेतला ते आधी सांगते. पुणे-नाशिक रस्त्यावर खेड घाट चढून वर आलं की मंचरच्या अलीकडे पेठ लागतं. सातगाव पठार म्हणतात तो हा भाग, बटाट्याचा. तिथल्या एका ताईंचा फोन आला. दिवाळीत त्यांनी ओळखीपाळखीत गूळ लावलेल्या शेंगदाण्यांची ४० पाकिटं दिली होती. दिसायला छान, जाळीच्या पोटलीत, वर लाल रिबीन. चार दिवसांनी दाण्यांचा एकच गोळा झाला. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पुन्हा मागितलंही नाही. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी ६० पाकिटांची विचारणा आली आहे. ताई म्हणाल्या, "मॅडम, घेऊ का नको? पुन्हा तसंच झालं तर गावात तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, घ्या. पण आधी चूक कुठे झाली ते समजून घ्या.

पाकीट उघडतं ते दुसऱ्याच्या घरी

घरी खायला केलेला पदार्थ आपण त्याच दिवशी खातो. भेटीचं पाकीट आज बनतं, परवा जातं आणि आठ दिवसांनी कुणाच्या तरी घरी उघडतं. त्या आठव्या दिवशी तो दाणा कुरकुरीत हवा. म्हणजे आपल्याला ओल सांभाळायची आहे. ताईंच्या पाकिटांत ओल तीन वाटांनी शिरली.

पहिली वाट गूळ. साखरेपेक्षा गूळ हवेतलं पाणी जास्त ओढतो. पावसाळ्यात डब्यातला गूळ पाझरतो, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाक कच्चा राहिला की हेच दाण्यावर होतं.

दुसरी वाट घाई. दाणे कोमट असतानाच पिशवीत भरले. आत वाफ धरली, तिचं पाणी झालं आणि वरचा थर विरघळला.

तिसरी वाट पोटली. जाळीतून हवा आरपार जाते. पोटली शोभेला ठीक आहे, पण आत बंद पिशवी हवीच.

आपल्याकडे हे जुनंच आहे

दाण्यावर साखर चढवायची कला बाहेरून शिकायची गरज नाही. यात्रेत मिळणारे साखरफुटाणे आठवा, फुटाण्यावर साखरेचा थर. संक्रांतीचा काटेरी हलवाही तसाच. मंद शेगडीवर तीळ किंवा चारोळी ठेवायची, चमचा-चमचा पाक घालत हाताने हलवत राहायचं, मग काटा येतो. हे काम थंडीतच का करतात? कोरड्या हवेत साखर पटकन सुकते आणि सुकलेलीच राहते. म्हणून माझा सल्ला, या धंद्याची सुरुवात दिवाळीपेक्षा संक्रांतीला करा. हवा तुमच्या बाजूने असते. शिवाय संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, लहान मुलांचं बोरन्हाण असतं. मागणी एका दिवसात संपत नाही.

कृती: एक घाणा, ८०० ग्रॅम

साहित्य: शेंगदाणे ५०० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, पाणी १०० मिली (अर्ध्या वाटीपेक्षा थोडं जास्त), भाजलेले पांढरे तीळ ५० ग्रॅम, पाव चमचा मीठ, सुंठ-वेलची पूड एक चमचा.

१. दाणे आधी निवडा. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे बाजूला काढून टाका. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही, त्यामुळे इथे कंजुषी नको. मंद आचेवर खमंग भाजा, सालं काढा. आता चार दाणे चावून बघा. एक जरी खवट लागला तरी तो माल वाणाला वापरू नका.

२. जाड बुडाच्या कढईत साखर-पाणी मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळली की उकळू द्या. बुडबुडे मोठे आणि जड दिसायला लागले की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब टाका. बोटांनी गोळी वळली की पाक झाला. एकतारीवर थांबू नका, दाणे ओलसर राहतात.

३. गॅस बंद करा. कोमट दाणे, मीठ, सुंठ-वेलची घाला आणि न थांबता हलवत राहा. दोन-चार मिनिटांत पाक पांढरा आणि रवाळ व्हायला लागेल. एरवी वड्या करताना पाक असा फिरला की आपण कपाळाला हात लावतो. इथे तो फिरायलाच हवा. हाच आपला कोरडा थर. थोडा ओलसर असतानाच तीळ भुरभुरा, म्हणजे चिकटतील.

४. दाणे सुटे झाले की अगदी मंद आचेवर आणखी दोन मिनिटं परता. उरलीसुरली ओल जाते. साखर पुन्हा वितळायला लागली तर लगेच उतरवा.

५. मोठ्या परातीत एका थरात पसरा. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गार झाल्यावर मात्र उघडं ठेवायचं नाही, लगेच भरायचं.

गुळाचंच हवं असा हट्ट असेल तर गूळ असा रवाळ होत नाही, हे लक्षात ठेवा. त्याचा पाक पुढे न्यावा लागतो. गार पाण्यात टाकलेली गोळी कटकन मोडली पाहिजे, वाकली तर कच्ची. मग ती चिक्की किंवा गुडदाणी झाली, तो वेगळा पदार्थ. पहिल्या ऑर्डरला साखरेचंच करा.

ऑर्डर घेण्याआधी सहा पाकिटांची परीक्षा

आज एक घाणा करा. सहा पाकिटं बाजूला ठेवा, त्यांवर तारीख टाका. तीन कपाटात, तीन स्वयंपाकघरात ओट्याजवळ. कपाटातलं आणि ओट्याजवळचं एकेक पाकीट तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी उघडा. कुरकुरीत आहे का, वास कसा येतो, दाणे सुटे आहेत का, वहीत लिहा. आठव्या दिवशी ओट्याजवळचं पाकीट चांगलं निघालं तर छातीठोकपणे "आठ दिवस" म्हणा. पंधराव्या दिवशी निघालं तर पंधरा म्हणा. दुसऱ्याच्या पाकिटावर छापलेली मुदत बघून आपली लिहायची नाही.

आता खरा मुद्दा: कितीला द्यायचं?

ताईंना विचारलं, दिवाळीत कितीला दिलं? म्हणाल्या, "ओळखीतलेच होते हो, १५ रुपयांना दिलं." ५० ग्रॅमचं पाकीट. चला, हिशोब मांडू. हे भाव समजण्यापुरते धरलेत, तुम्ही आपल्या दुकानातले टाका.

एका घाण्याचा खर्च:
– शेंगदाणे ५०० ग्रॅम: ७० रुपये
– साखर ३०० ग्रॅम: १४ रुपये
– तीळ ५० ग्रॅम: १० रुपये
– सुंठ, वेलची, मीठ: ८ रुपये
– गॅस: १० रुपये
– नासधूस, तुटफूट: ६ रुपये
– पिशवी, लेबल, रिबीन: ५ रुपयांप्रमाणे १६ पाकिटांचे ८० रुपये

झाले १९८ रुपये. बहुतेक जणी इथेच थांबतात. पण निवडणं, भाजणं, सालं काढणं, पाक, भरणं यात दीड तास गेला, त्याचं काय? तासाला ६० रुपये धरले तर ९० रुपये. एकूण २८८. १६ पाकिटांनी भागा, एक पाकीट पडलं १८ रुपयांना.

६० पाकिटांसाठी चार घाणे लागतील. चार घाण्यांत ६४ पाकिटं निघतात, वरची चार नमुना आणि परीक्षेसाठी.

१५ रुपयांनी दिली तर हातात ९०० रुपये येतील. त्यातून मालाचे ७९२ गेले. उरले १०८. सहा तास राबून १०८ रुपये, म्हणजे तासाला १८.

२५ रुपयांनी दिली तर १,५०० येतील. ७९२ वजा जाता ७०८ उरले. त्यातले ३६० तुमची मजुरी आणि ३४८ धंद्याचा नफा. हा नफा वेगळ्या डब्यात ठेवा, पुढच्या ऑर्डरचा माल त्यातून आणा.

फोनवर ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीत मी फुकटच राबले की."

हो ताई. आणि तुमच्यासारख्या खूप जणी राबतात. ओळखीच्या बाईला जास्त सांगायला जीभ रेटत नाही, मान्य. म्हणून तोंडी भाव सांगूच नका. एका कागदावर वजन, भाव आणि किती दिवस टिकेल ते लिहा, नमुन्याचं पाकीट सोबत द्या. मोठी ऑर्डर असेल तर रुपया-दोन रुपये कमी करा, पण १८ च्या खाली यायचं नाही. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. माल तुमच्या पैशाने आणि धास्तीही तुम्हालाच, असं नको.

कागदपत्रं आणि लेबल

घरून विकत असलात तरी खाण्याचा पदार्थ विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकांसाठी ती सोपी असते, फॉसकॉस पोर्टलवर अर्ज करायचा, १४ अंकी क्रमांक मिळतो. उलाढालीची मर्यादा आणि फी बदलत असते, म्हणून अर्जाच्या दिवशीच पोर्टलवर बघा. बचत गटात असाल तर गटातल्या ताईंनाही विचारा, कुणीतरी हे काम केलेलं असतं.

लेबलवर एवढं हवंच: पदार्थाचं नाव, घटक (जे जास्त ते आधी), निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावं, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता-फोन, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह. "यात शेंगदाणे आहेत" हे ठळक लिहा. काहींना शेंगदाण्याची ॲलर्जी असते, आणि वाणाचं पाकीट शेवटी लहान मुलाच्याच हातात जातं.

६० पाकिटांचं वेळापत्रक

– हळदीकुंकवाच्या २० दिवस आधी: परीक्षेचा घाणा.
– ८ दिवस आधी: भाव पक्का, आगाऊ रक्कम, मालाची खरेदी.
– ४ दिवस आधी: दाणे निवडणं, भाजणं. गार करून बंद डब्यात.
– ३ आणि २ दिवस आधी: रोज दोन घाणे. दुप्पट मापाचा एक घाणा करू नका, हात पुरत नाही आणि पाक एकसारखा फिरत नाही.
– १ दिवस आधी: पोटली, रिबीन, मोजणी, पोहोच.

शेवटी एकच सांगते. पठारावरच्या घराला हे नवीन नाही. बटाटा काढायचा आपण आणि भाव सांगायचा बाजाराने. तोच बटाटा वेफर होऊन पाकिटात आला की किंमत पाकिटावर छापलेली असते. ताई, या ६० पाकिटांवरची किंमत तुम्ही छापणार आहात. ती हिशोब करून छापा.

पेठच्या ताईंनी ऑर्डर घेतली आहे, २५ रुपयांनी. परीक्षेची सहा पाकिटं सध्या त्यांच्या घरी आहेत. तुम्हीही या आठवड्यात एक घाणा करा आणि आठव्या दिवशी ओट्याजवळचं पाकीट कसं निघालं ते मला नक्की कळवा.