छोटे इंजिन, मोठा श्वास

बँकेची नोकरी आणि बदली यांचे नाते या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. साताऱ्याहून सिमल्याला बदली झाली, तेव्हा मनात धास्ती होती ती थंडीची, घाटरस्त्यांची नव्हे. पसरणी आणि खंबाटकी या घाटांत ज्याचा हात बसला, त्याला डोंगराचे काय अप्रूप! परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरील या शहराने ती घमेंड पहिल्याच महिन्यात उतरवली. साताऱ्यात कधी कुरकूर न केलेली माझी जुनी छोटी मोटार येथे दुसऱ्या गिअरमध्येच धापा टाकू लागली.

कारण साधे होते. या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने विरळ असते. इंजिनाला पेट्रोलइतकीच हवाही लागते. हवा कमी, म्हणजे ज्वलन कमी आणि ताकदही कमी. जिना चढताना आम्हा नवागतांची जी अवस्था होत होती, तीच मोटारीची होत होती.

यथावकाश कर्मचारी कर्ज योजनेतून नवे वाहन घेतले. चार मीटरच्या आतील, उंच बांध्याची आणि टर्बोचार्जर असलेली पेट्रोल एसयूव्ही. तिच्या कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचा आहे तो तिसऱ्या आठवड्यातील एक प्रसंग.

दोन क्षणांचा धडा

ठियोगच्या दिशेने आम्ही सहकुटुंब निघालो होतो. पुढे सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रक रांगत होता. रस्ता थोडा सरळ दिसला, म्हणून मी चौथ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबला आणि उजवीकडे सरकलो. एक क्षण गेला, दुसरा गेला. गाडी जणू विचारच करत होती. इतक्यात समोरच्या वळणावरून बस आली. ब्रेक दाबून मी पुन्हा ट्रकच्या मागे आलो. मागच्या आसनावर मुलगी झोपली होती. पत्नी काहीच बोलली नाही आणि ते न बोलणेच अधिक बोचले.

चूक यंत्राची नव्हती, माझ्या अज्ञानाची होती. कर्जाच्या विभागात बसून मी शेकडो वाहनांची दरपत्रके तपासली होती; पण स्वतःच्या वाहनाचे इंजिन श्वास कसा घेते, हे मात्र कधी समजून घेतले नव्हते. त्या संध्याकाळपासून ते समजून घ्यायला सुरुवात केली.

वाया जाणाऱ्या वाफेचे भांडवल

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तप्त धुराबरोबर नळीवाटे निघून जातो. ही ऊर्जा कामाला लावावी, असा विचार स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी केला आणि १९०५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन छोटी पंखाचक्रे. बाहेर जाणारा धूर पहिले चक्र फिरवतो. त्याबरोबर फिरणारे दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. म्हणून तिला इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून मगच आत सोडतात. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये, यासाठी काही धूर चक्राला वळसा घालून सोडून देणारी वेस्टगेट नावाची झडप असते.

आम्हा बँकवाल्यांच्या परिभाषेत सांगायचे, तर ही निष्क्रिय पडून असलेली रक्कम पुन्हा व्यवसायात गुंतवण्यासारखी गोष्ट आहे. मात्र मंजुरी मिळणे आणि रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा होणे यांत जसे अंतर असते, तसेच येथेही असते. इंजिन मंद फिरत असेल, तर धूर कमी, चक्राची गती कमी आणि हवेचा दाबही कमी. पाय दाबल्यावर चक्राला वेग धरायला लागणारा हा अवधी म्हणजे ‘टर्बो लॅग’. ठियोगच्या रस्त्यावरील माझे ते दोन क्षण याच अवधीत गेले होते. मी आधीच तिसऱ्या गिअरमध्ये येऊन इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या असत्या, तर मागितलेली ताकद मागितल्या क्षणी मिळाली असती.

एक उदाहरण

पुण्याजवळच्या रांजणगाव येथे तयार होणारी टाटा नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये बाजारात आली. तिच्या पेट्रोल इंजिनात तीनच सिलिंडर होते आणि क्षमता जेमतेम १,२०० घन सेंटिमीटरच्या आत. तरीही शक्ती ११० अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, १७० न्यूटन-मीटर. याच कंपनीच्या, २०१६ साली आलेल्या टियागो मोटारीत जवळपास तेवढ्याच क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन टर्बोविना होते. त्याचा टॉर्क ११४ न्यूटन-मीटर आणि तोही ३,५०० फेऱ्यांवर. नेक्सॉनचा दीडपट टॉर्क मात्र सुमारे १,७५० फेऱ्यांपासूनच हाती येत असे. आकार तोच, श्वास मोठा, फरक एवढाच. चढावर वारंवार गिअर बदलावे लागत नाहीत, ते यामुळे.

इंजिन १,२०० च्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत, हा योगायोग नव्हे. २००६ च्या अर्थसंकल्पाने याच मर्यादांतील पेट्रोल मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. तेव्हापासून आपल्याकडील मोटारींच्या रेखाटनावर कररचनेची छाप आहे. २०१७ च्या नेक्सॉनची लांबी ३,९९४ मिलिमीटर होती, यातच सर्व आले! २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हाही या मर्यादेतील पेट्रोल वाहनांना १८ टक्क्यांचा दर लागू झाला.

गुण आणि मर्यादा

तीन सिलिंडरचे इंजिन हलके असते आणि आतील घर्षणही कमी. परंतु चार सिलिंडरमध्ये दर अर्ध्या फेरीला होणारे ज्वलन येथे दर दोन तृतीयांश फेरीला होते. त्यामुळे वाहन उभे असताना सौम्य थरथर जाणवते. तो दोष नव्हे, स्वभाव आहे.

२०१७ ची नेक्सॉन जमिनीपासून २०९ मिलिमीटर उंच होती, त्यामुळे खड्डे आणि दगड यांची भीती कमी. पण उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो, म्हणून वळणावर अंग झुकते. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. शिवाय बाह्यरूप एसयूव्हीचे असले, तरी या वर्गातील बहुतेक वाहनांत ताकद केवळ पुढच्या चाकांना मिळते. सिमल्याच्या बर्फात टर्बो उपयोगी पडत नाही. पडतात ते टायर आणि चालकाचा संयम. अपघातात मात्र उपयोगी पडतो तो सांगाडा. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉनला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. या चाचणीत भारतात बनलेल्या मोटारीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

इंधनाचा हिशेबही पायावर अवलंबून असतो. हलक्या पायाने चालवल्यास छोटे इंजिन काटकसरी. सतत जोर मागितल्यास जादा हवेबरोबर जादा पेट्रोलही जळणारच.

स्वानुभवातून काही सूचना

टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे आणि ते वेळेवर बदलावे. सकाळी थंड इंजिनावर लगेच जोर देऊ नये. लांब चढ चढून आल्यावर इंजिन तत्काळ बंद न करता अर्धा-एक मिनिट मंद चालू ठेवावे. तप्त दांड्याभोवतीचे तेल जळून चिकटत नाही. उतरताना छोट्या इंजिनाचा अटकाव मोठ्या इंजिनाइतका नसतो, म्हणून खालचा गिअर ठेवावा आणि सारा भार ब्रेकवर टाकू नये. आणि ओलांडून जायचे असेल, तर आधी गिअर उतरवावा, मग बाजूला सरकावे.

शाखेत कर्जासाठी येणारे बहुतेक ग्राहक मासिक हप्ता किती, सरासरी किती आणि छत उघडते का, एवढेच विचारतात. गेल्या हंगामात कोटखाईकडचे एक वयस्क बागायतदार आले होते. दरपत्रकावर बोट ठेवून ते म्हणाले, “साहेब, घोडे किती ते राहू द्या. ओझे कुठून उचलते, ते सांगा.” तांत्रिक शिक्षण नसलेल्या त्या गृहस्थांनी नेमका प्रश्न विचारला होता. दोन वर्षांपूर्वी मला उत्तर देता आले नसते. आता मी कागद उलटून टॉर्कपुढील फेऱ्यांचा आकडा त्यांना दाखवला आणि सुचवले, की विक्रेत्याकडून गाडी चालवून पाहाल, ती सपाट रस्त्यावर नको. घरची माणसे बसवून चढावर पाहा. तेव्हापासून ही सूचना मी प्रत्येक ग्राहकाला करतो.

ठियोगचा तो चढ आजही महिन्यातून एकदा पार करतो. ट्रक तसेच रांगत असतात, मुलगी तशीच मागे झोपलेली असते. मी गिअर उतरवतो, वळणापलीकडचा रस्ता दिसण्याची वाट पाहतो आणि तो दिसला नाही, तर ट्रकच्या मागेच राहतो.