कापसासाठी आखलेली शकुंतला

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जातो. सुमारे 190 किलोमीटरचा हा मार्ग मूर्तिजापुरात दोन भागांत विभागतो. एक फाटा दक्षिणेला कारंजा आणि दारव्ह्यावरून यवतमाळला जातो, दुसरा उत्तरेला दर्यापूर आणि अंजनगावमार्गे अचलपूरला. गावांची ही माळ ओवली ती कापसाने.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही गावे तिच्या मुख्य मार्गावर आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861–65) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे व्यापाऱ्यांचे लक्ष वळले होते. खामगाव आणि अमरावती या बाजारपेठांना लवकरच मुख्य मार्गाशी जोडणारे छोटे फाटे मिळाले. यवतमाळचा कापूस मात्र आणखी कित्येक वर्षे बैलबंड्यांतून रेल्वेपर्यंत जात राहिला. वेचणी संपून माल बाजारात यायचा तो हिवाळा–उन्हाळ्यात, तेव्हा रस्ते कोरडे असत, एवढाच काय तो दिलासा.

ही उणीव भरून काढली किलिक-निक्सन या मुंबईतल्या इंग्रज व्यापारी पेढीने. तिने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. वऱ्हाड मूळचा निजामाचा मुलूख. 1853 मध्ये तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि 1903 मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. कंपनीच्या नावात ‘वऱ्हाड’ नसून मध्यप्रांत आहे, त्याचे मूळ या जोडणीत आहे. 1916 पर्यंत दोन्ही फाटे तयार झाले.

रूळ अरुंद ठेवण्यामागे खर्चाचा हिशेब होता. अरुंद मार्गाला भराव कमी लागतो, पूल लहान चालतात, वळणे अधिक आखूड घेता येतात, इंजिने आणि डबेही हलके पुरतात. याची किंमत मूर्तिजापुरात मोजावी लागे. मुख्य मार्ग साडेपाच फुटांचा असल्याने अरुंद डबे त्यावर जाऊ शकत नसत, म्हणून रुईच्या गठाणी उतरवून मोठ्या डब्यांत भराव्या लागत. जिनिंग-प्रेसिंगचे महत्त्व इथे कळते. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते, उरलेली सरकी. ती जागच्या जागी वेगळी करून रुई दाबून बांधली, की तेवढ्याच डब्यांत कितीतरी जास्त माल मावे.

या मार्गाचे पुढचे भवितव्य ठरवले ते सुरुवातीच्या कराराने. मालकी खासगी कंपनीची राहिली, गाड्या मात्र ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने चालवायच्या आणि मिळकतीतून कंपनीला तिचा वाटा द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. 1951 मध्ये ही मोठी रेल्वे भारतीय रेल्वेच्या मध्य विभागात विलीन झाली. शकुंतलेची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. सरकारी गाड्या खासगी रुळांवरून धावत राहिल्या आणि त्याचा मोबदला कंपनीला जात राहिला. ज्या मार्गाची मालकी आपली नाही त्यावर मोठा खर्च करायला कोणी तयार होत नाही. रूळ जुने का राहिले आणि गाडी मंद का झाली, याचे बरेचसे उत्तर या करारात आहे. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत होते.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या बाजूला असलेले उमरखेड परिसरातले ढाणकी हे गाव या मार्गाच्या कक्षेत कधीच आले नाही. त्या काळी उमरखेडचा परिसर पुसद तालुक्यात मोडत असे आणि हा मार्ग दारव्ह्याहून पूर्वेला यवतमाळकडे वळला. उमरखेडवरून जाणारा वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा रुंद मार्ग आता बांधला जात आहे. त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला.