आयव्हीला उजेड किती द्यावा?

मूळची युरोप व पश्चिम आशियातील वनच्छायेत वृक्षांच्या बुंध्यांना बिलगून चढणारी आयव्ही, 45 अंशांची हद्द ओलांडण्यास जेथील मे महिन्याचा पारा कचरत नाही अशा नागपूरच्या सक्करदऱ्यातील घरात कुंडीतून येते, तेव्हा तिला उजेड भरपूर परंतु ऊन मात्र बेताचेच मिळेल अशी तजवीज करणे अगत्याचे ठरते.

नागपूर 21 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, वसले असल्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्यावरून थोडा उत्तरेकडे कललेला असतो, आणि दक्षिणेची जी खिडकी डिसेंबरात खोलीत दूरवर ऊन आणते तीच या काळात भर दुपारी उन्हावाचून राहते. सबब खिडकीच्या दिशेवरून एकदाच निकाल देऊन वर्षभर स्वस्थ बसणे युक्त नव्हे. पूर्वेची खिडकी अव्वल. पश्चिमेची उन्हाळ्यात सर्वथा वर्ज्य.

पेरांमधील अंतर वाढून वेल किडकिडीत झाली, अथवा चित्रवर्णी पानांची पांढरी कड लोपून नवी पालवी निव्वळ हिरवी येऊ लागली, की प्रकाश अपुरा समजावा. पाने करपली तर अतिरेक. मात्र आमच्या मते वैदर्भीय उन्हाळ्यात आयव्हीचा खरा वैरी प्रकाशापेक्षा शुष्क, तप्त हवा आणि तीत फोफावणारा लाल कोळी हाच होय. (कूलरची ओलसर हवा वेलीलाही मानवते.) कोळी ही कीड माजू नये म्हणून पानांची मागील बाजू आठवड्यातून एकदा पाण्याने धुवावी, आणि पाने विषारी असल्याने कुंडी मुलांच्या व मांजरांच्या आवाक्याबाहेर टांगावी.