हिणकस चांदीची पारख

यवतमाळ जिल्ह्यात पुसद-दिग्रसकडच्या वडीलधाऱ्या बंजारा स्त्रियांची टोपली-घुगरी आपण पाहिली असेल. सराफ तिला ‘हिणकस’ म्हणतो, आणि आपणही कमी लेखतो. परंतु शुद्ध चांदी मऊ असते. राबत्या अंगावरचा दागिना टिकावयाचा तर तीत तांबे हवेच. हारात ओवलेले रुपयेच घ्या. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात १२ भागांत ११ भाग चांदी होती. १९४० साली ती निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला.

हवेतील गंधकाच्या वायूने चांदी काळवंडते, तर घामाने तांब्यावर हिरवा गंज चढतो. म्हणून राखेने घासू नये, नक्षी झिजते. कोमट रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशाने मळ काढावा आणि लगेच कोरडे पुसावे. दोऱ्यात ओवलेला दागिना भिजवू नये. खोबणीतला काळेपणा राहू द्यावा. त्यानेच नक्षी उठून दिसते.

मोडीत चांदीचे पैसे मिळतात. घडणावळीचे मोल मात्र मुशीतच संपते. तेव्हा मोडीला नेण्यापूर्वी आजीचा दागिना एकदा स्वच्छ करून उजेडात पाहावा, एवढेच आमचे सांगणे आहे.